जिभेवरची छावणी

आमच्या घराण्यात पुरुषाची किंमत त्याच्या घट्ट्यावरून होते. पणजोबा संताजीराव होळकरांच्या रिसाल्यात होते. तलवारीच्या मुठीनं त्यांच्या उजव्या तळव्याला पडलेला घट्टा इतका जाड होता, की चुलीतला निखारा ते हातानं उचलून चिलमीवर ठेवायचे आणि तो हातात असतानाच समोरच्याला पाऊसपाणी विचारायचे. चिलीम पेटेपर्यंत चटके निखाऱ्यालाच बसायचे, असं आमची आजी सांगे. आमच्या घरात खोटं बोलायचं खातं फक्त पुरुषांकडे होतं, म्हणून मी ते मानतो. आजोबा प्रतापरावांच्या बोटांना लगामाचे घट्टे. वडील कापडगिरणीत लागले. तुटलेलं सूत गाठवून गाठवून त्यांचा अंगठा असा झाला होता की त्यावर काडी ओढली तर पेटायची. मी चौथा. माझा घट्टा जिभेवर.

इंदूरच्या पोलोग्राउंडला एक नमकीनचा कारखाना आहे. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होते. तिथे मी शेचाळीस वर्षं चाखायचं काम करतो. गळ्यातल्या कार्डावर 'क्वालिटी इन्स्पेक्टर' छापलंय, पण भट्टीवरचे सगळे मला जबानसाहेब म्हणतात. कढईतून शेवेचा घाणा निघाला की त्यातल्या चार काड्या माझ्यापुढे येतात. त्या निवू द्यायच्या. मग जिभेच्या डाव्या कडेला ठेवून दाढेवर दाबायच्या आणि मनात बारा मोजायचे. चाराला मीठ कळतं, सहाला हिंग, नवाला तेल किती वेळा तापलंय ते, आणि बाराला शेव पाडणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते. मग थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि पुढच्या घाण्यापर्यंत डाव्या गालात सुपारीचं खांड, तोंड कोरं व्हावं म्हणून.

एकदा महूच्या छावणीतल्या एका कर्नलसाहेबांनी माझे डोळे बांधून सतरा प्रकारच्या शेवा माझ्यापुढे ठेवल्या होत्या. सोळा मी नावानिशी सांगितल्या. सतराव्याला म्हटलं, साहेब, ही शेव ठीक आहे, पण ज्या पाण्यात बेसन भिजवलंय त्या टाकीत पाल पडलेली आहे. टाकी उघडली. पाल जिवंत होती, पण होती. कर्नलसाहेबांनी मला सलाम ठोकला. पाल कुठल्या रंगाची ते मी सांगितलं होतं की नाही, यावर आजही महूत दोन मतं आहेत.

तर गेल्या रंगपंचमीला, गेरीच्या मिरवणुकीतून रंगून आल्यावर आरशासमोर तोंड धूत होतो, तेव्हा जिभेच्या डाव्या कडेला मला तो पहिल्यांदा दिसला. पांढरा, मसुराच्या डाळीएवढा. दुखत नव्हता, झोंबत नव्हता. बोटानं घासला, गेला नाही. शेव जिथे ठेवतो, नेमका तिथेच. मला हसू आलं. अठ्ठावीस वर्षांचा असताना लोक म्हणायचे, चाखणं हे काय मर्दाचं काम आहे? आता म्हणा. पणजोबांचा तळहात, आजोबांची बोटं, वडिलांचा अंगठा आणि माझी जीभ. मी तो बायकोला दाखवला. भानुमतीनं चष्मा लावला, पाहिला आणि म्हणाली, जीभ आत घ्या, दारात लोक आहेत.

मग मी तो सगळ्यांना दाखवू लागलो. सकाळी पोह्यांच्या दुकानावर आमची चारपाच म्हाताऱ्यांची बैठक असते. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवून झालं की मी जीभ काढायचो आणि नव्या माणसाला घट्ट्याचा इतिहास सांगायचो. भिया लोक, म्हणजे आमचे इंदुरी भाऊ, पोहे हातात धरून ऐकायचे. जिलेबी गार व्हायची, पण कोणी उठायचा नाही.

दसऱ्याच्या सुमारास मात्र वेगळंच झालं. जीभ काढली आणि चिंतामण मास्तर हातातला चमचा ठेवून पुढे वाकले. मास्तर आमच्या बैठकीतले एकटेच शिकलेले. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. त्यांचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात लेखणी चालवायचे आणि माझे तलवार, म्हणून आमच्यात दोनशे वर्षांचं जुनं भांडण आहे. मास्तर म्हणाले की तुमच्या जिभेवर राज्य उगवलंय. आरसा मागवला. पाहतो तो जीभभर लालचुट्टूक गुळगुळीत ठिगळं, प्रत्येकाला पांढरी वळणदार किनार, अगदी नकाशात काढतात तशी. मास्तरांनी चमच्याच्या दांड्यानं दाखवलं, वरचं ते रामपुरा-भानपुरा, मधलं इंदूर, टोकाकडचं निमाड. होळकरांचं राज्यही असंच तुकड्यातुकड्यांत पसरलेलं होतं. डाव्या कडेच्या माझ्या घट्ट्यावर चमचा टेकवून ते म्हणाले की ही महू, राज्याच्या मधोमध इंग्रजांची छावणी. सगळे हसले. मी सर्वांत जास्त हसलो. पणजोबांनी ज्या राज्यासाठी घोडा दामटला ते अख्खं मी तोंडात घेऊन फिरत होतो.

घरी भानुमती हसली नाही. तिनं देवाजवळ दिवा लावला, मध आणला, तूप लावलं, हळदीच्या गुळण्या करवल्या. सूनबाई शिखा ऑफिसातून आली, तिनं मोबाईलवर पाहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं की याला 'जिऑग्राफिक टंग' म्हणतात, ठिगळं जागा बदलतात, आपोआप येतात-जातात, 'हार्मलेस' असतं. म्हणजे इंग्रजीतसुद्धा त्याला भूगोलच म्हणतात. मास्तरांना हे कळल्यावर त्यांची छाती अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण पोह्यांच्या कढईत पडलं.

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की या राज्याचं सर्वेक्षण व्हायला पाहिजे. दर रविवारी सकाळी आठला ते आमच्याकडे येऊ लागले. बगलेत ट्रेसिंग पेपर, दोन पेन्सिली, एक छोटी टॉर्च. मी गॅलरीत खुर्चीवर बसायचो, जीभ बाहेर, आणि मास्तर समोरच्या स्टुलावर. शिखानं सांगून पाहिलं की काका, फोटो काढू ना, सोपं पडेल. मास्तर म्हणाले, फोटो काढणारा पाहत नाही, काढणारा पाहतो. मग आपणच म्हणाले की हे वाक्य नीट झालं नाही, पण तुला कळलं. शाळा सुटल्यापासून त्या माणसाच्या हाताला खडू लागला नव्हता. आता त्याला एक अख्खा देश मिळाला होता आणि तो दर आठवड्याला बदलत होता. निमाड सरकून नर्मदेपार जायचं, रामपुरा आटायचा, इंदूर फुगायचं. मास्तर खाली तारीख लिहायचे आणि सही करायचे. मला रविवारी सकाळी बोलता यायचं नाही, एवढाच काय तो त्रास. भानुमतीला तो फायदा वाटायचा.

असे अकरा रविवार झाले. अकराव्या रविवारी, डिसेंबरात, मास्तरांनी चित्र काढलं आणि चहा आला तरी घेतला नाही. पिशवीतून आधीचे दहा कागद काढले, अकरावा त्यांच्यावर ठेवला, कडा जुळवल्या आणि सगळा गठ्ठा गॅलरीच्या काचेवर उन्हासमोर धरला. मला म्हणाले, पाहा.

सगळ्या सीमा एकमेकींत गुंतून सुताचा गुंता झाला होता. एकही रेघ दुसरीवर बसत नव्हती. फक्त डाव्या कडेला एक जागा काळीभोर दिसत होती. अकरा वेळा पेन्सिल नेमकी तिथेच पडली होती.

"सगळे परगणे फिरले, दौलतराव," मास्तर म्हणाले. "छावणी जागची हलली नाही."

"घट्टा आहे तो. घट्टा कशाला हलेल."

"हलली नाही, पण वाढली आहे. पहिल्या कागदावर मसूर आहे. आजच्यावर तुरीची डाळ."

मी म्हटलं, दिवाळीचे घाणे होते, काम वाढलं की घट्टा वाढतो. ते म्हणाले, दिवाळी होऊन दीड महिना झाला. मग मी चिडलो. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातची कमाई बघवत नाही, वगैरे जे बोलू नये ते बोललो. खरं सांगू? तो काळा ठिपका मला पुन्हा पाहायचा नव्हता. कारखान्यात अशा दोन माणसांना मी ओळखत होतो, ज्यांच्या तोंडात असं काहीतरी निघालं आणि कापावं लागलं. एकाची अर्धी जीभ गेली. तो आता गोदामात पोती मोजतो आणि बोटांनी बोलतो. मला मरणाचं काही नाही, आमच्या घराण्यात ते पुष्कळदा केलेलं आहे. पण जीभ गेली तर मी सकाळी उठून कोण म्हणून उठायचं?

मास्तर कागद गुंडाळत शांतपणे म्हणाले, "अठराशे अठरा साली तुमच्या लोकांनी छावणीला हो म्हटलं, तेव्हा तीही एवढीशीच होती."

हे मात्र मला लागलं. आमच्या लोकांनी हो म्हटलं नव्हतं. इंग्रजांशी झालेल्या तहावर सही करणारे दफ्तरातले होते, म्हणजे यांचे. मी तिथल्या तिथे म्हटलं की उद्याच डॉक्टरकडे चला, घट्टा आहे हे लेखी आणतो आणि तुमच्या त्या गठ्ठ्याला चिकटवतो. भानुमती आतून पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, उद्या कशाला, नंबर आज लावते.

दाताच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर मिताली म्हणून एक मुलगी, आपलीच, इंदूरचीच, पण मराठी तिच्या तोंडात पाहुण्यासारखी बसलेली. तिनं आधी प्रश्न विचारले.

"तंबाखू?"

मी म्हटलं, उभ्या आयुष्यात नाही. मागे भानुमती खोकली. मी म्हटलं, दोन हजार नऊपर्यंत, थोडी. ती पुन्हा खोकली. बारापर्यंत, म्हटलं. खोकला थांबला.

"सुपारी?"

"ती खायची नाही, कामाची आहे. दोन घाण्यांच्या मधे तोंड कोरं करायला."

"आणि दिवसाला घाणे किती?"

"चाळीस."

तिनं पेन खाली ठेवलं. "आजोबा, जीभ बाहेर. और थोडी. डावीकडे."

तिनं कापसाच्या पट्टीनं जीभ धरली, दुसऱ्या पट्टीनं घट्टा घासून पाहिला, बोटानं खालून दाबला, मान चाचपली. नकाशाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाली, हे जे फिरतंय ना, ते विसरा, याला फार तर तिखट झोंबेल. जीभ सोडल्यावर मी तिला घट्ट्याचा सगळा इतिहास सांगितला, संताजीरावांपासून. बाहेर तीस पेशंट बसले होते, तरी पोरीनं निखाऱ्यासकट सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हाताला घट्टा पडतो, आजोबा. जिभेला पडत नाही. तिथे पांढरं आलं आणि पंधरा दिवसांत गेलं नाही, तर ते आम्हाला दाखवायचं असतं. ये कबसे है?"

मी रंगपंचमी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मास्तरांनी टेबलावर अकरा कागद मांडले. तारखेनं, सहीनं, एका ओळीत. मुलगी पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत चालत गेली. परत मागे आली. पट्टी घेऊन पहिलाही मोजला आणि अकरावाही. मग बाहेर जाऊन आपल्या मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली, त्यांच्यामागे आठदहा विद्यार्थी. मोठे डॉक्टर म्हणाले की पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा त्याला कधीपासून हे महिन्यातसुद्धा सांगता येत नाही, आणि हा माणूस दर आठवड्याचा नकाशा घेऊन आलाय. विद्यार्थ्यांसाठी प्रती काढू का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. मास्तरांनी परवानगी दिली आणि मग तिथेच ठिगळांच्या सीमांवर अर्धा तास व्याख्यान दिलं, ज्यात होळकर होते, नर्मदा होती आणि पोरांना एक प्रश्नही होता. मी खुर्चीत जीभ काढून नकाशा म्हणून बसलो होतो. दफ्तरवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बाजूनं सही केली होती, आणि मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की जीभ आत असती तर मी तो बोलून खराब केला असता.

त्याच आठवड्यात त्यांनी सुई देऊन जीभ बधिर केली, तिथला एक कण काढला आणि दोन टाके घातले. रिपोर्टला आठ दिवस.

ते आठ दिवस मी कुणाला काही रचून सांगितलं नाही. सुपारीचा डबा शिखानं उचलून कुठे ठेवला ते विचारलंही नाही. टाके जरा बसल्यावर भानुमती रोज नवीन काहीतरी रांधू लागली, सगळं मऊ, बिनतिखटाचं: चिंचगुळाची आमटी आणि भात, भुट्ट्याचा कीस, साखरभात. चौथ्या दिवशी मी पानावर विचारलं की हा निरोपाचा स्वयंपाक चाललाय का.

"रोजचाच आहे," ती वाढत म्हणाली. "तुम्ही आत्ता लक्ष देऊन जेवताय."

शेचाळीस वर्षं मी परक्यांच्या कढयांत मीठ शोधत होतो. त्या आमटीत मीठ किती होतं, तर जेवढं पाहिजे तेवढं. मी तसं तिला म्हटलं. ती आत गेली आणि आतून बराच वेळ फक्त नळाचा आवाज येत राहिला.

रिपोर्ट आला. मिताली म्हणाली की कॅन्सर नाही, पण पेशी बिघडायला लागल्यात, त्या रस्त्याला निघाल्यात, गावी पोहोचल्या नाहीत. आणखी वर्षभर घट्टा म्हणून मिरवलं असतं तर पोहोचल्या असत्या. लेझरनं ते ठिगळ मुळासकट काढायचं, सुपारी आयुष्यातून बंद, दर तीन महिन्यांनी जीभ दाखवायला यायचं. मी एकच विचारलं, चव राहील का. ती म्हणाली, बाकीची जीभ शाबूत आहे, राहायला पाहिजे. डॉक्टर लोक 'राहायला पाहिजे' म्हणतात तेव्हा ते ट्रेसिंग पेपरवर लिहून देत नाहीत.

काढलं. दीड महिना घरी. संक्रांत गेली, फेब्रुवारी उजाडला आणि मी कार्ड गळ्यात घालून कारखान्यात गेलो. मालक देवेंद्रजी तिसऱ्या पिढीचे. त्यांना मी अर्ध्या चड्डीत भट्टीभोवती पळताना पाहिलंय. त्यांनी खुर्ची पुसून दिली, शाल आणली, म्हणाले, काकासाहेब, आप बस बैठो, आपकी कुर्सी है, चखने का लडके देख लेंगे. वाईट काही नव्हतं त्यात. पण शालीखाली माणूस लवकर म्हातारा होतो. मी म्हटलं, पाच ताटल्या मांडा. एकीत खोट ठेवा. कुठली आणि कसली, ते तुम्हाला आणि श्रीकृष्णालाच माहीत असू दे. श्रीकृष्ण म्हणजे आमचा मुख्य कारागीर, त्याचा झारा वीस वर्षं माझ्या जिभेसमोर चाललेला.

भट्ट्यांवरची माणसं कामं टाकून भोवती आली. मी चूळ भरली. आता डावी कड नव्हती. तिथे काही ठेवलं तर नुसता ताण जाणवायचा. शेव उजवीकडे ठेवली, जिथे मी जन्मात काही चाखलं नव्हतं. पहिली, ओवा हात सैल सोडून घातलेला. श्रीकृष्णानं मान हलवली. दुसरी, चोख. तिसरी, तेल कालचं, पण चालेल. चौथीला बारा मोजले आणि म्हटलं, आजचा पहिला घाणा, ठीक आहे.

"बिलकुल सही, काकासाहेब," देवेंद्रजी म्हणाले.

फार पटकन म्हणाले. शेचाळीस वर्षांत या कारखान्याच्या कुठल्या मालकानं कारागिराकडे पाहिल्याशिवाय माझं म्हणणं मानलेलं नाही. आणि खोटं कसं दिसतं ते मला कोणी शिकवायचं? श्रीकृष्ण झाऱ्याकडे पाहत होता. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते. मी त्या टाळ्या घेऊ शकलो असतो. शाल, खुर्ची, कार्ड, सगळं राहिलं असतं.

मी हात वर करून त्यांना थांबवलं. चूळ भरली, मग दुसऱ्यांदा भरली, चौथ्या ताटलीतल्या नव्या चार काड्या घेतल्या आणि डोळे मिटले. बारा झाले, काही नाही. अठरा. बावीस. उजवी बाजू नवशिकी होती, तिला बाराचा हिशेब कोणी सांगितला नव्हता. मी थांबलो. सव्वीसाला घशाच्या तोंडाशी एक बारीक कडवटपणा आला, पावसाळ्यात ओल लागलेल्या पोत्यासारखा.

"यात जुनं बेसन आहे," मी म्हटलं. "आठवड्याचं नाही, महिन्यांचं. नव्यात मिसळलंय."

या वेळी देवेंद्रजींनी घाई केली नाही. त्यांनी श्रीकृष्णाकडे पाहिलं. श्रीकृष्णानं झारा खाली ठेवला.

"कितना मिलाया, वो भी बता दो," तो म्हणाला.

"पाव हिस्सा."

"पाव ही है, साहेब."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या घाण्याची परात दोघांनी उचलून बाजूला नेली आणि माणसं आपापल्या भट्ट्यांकडे वळली. मघाशी सांगितलेल्या पालीचं तुम्ही काय मानायचं ते माना, पण यातलं एक अक्षर रचलेलं नाही, देवेंद्रजींना विचारा. पाचवी ताटली अजून तशीच होती. मी ती पुढे ओढली आणि कोमट पाणी मागितलं.